दुसऱ्याचं कुलूप

कारखान्यात कुणी नवं माणूस कामाला लागलं की सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याला आधी मास्तरच्या पुढ्यात उभं केलं जाई. मास्तर शाळेतला नव्हे. शाळेचा आणि त्याचा संबंध सातवीतच तुटला होता. हा कारखाना शाळांसाठी बाक आणि कपाटं बनवणारा, आणि तिथली सगळी यंत्रं सांभाळणारा हा फिटर. नव्या माणसांना कॉम्प्रेसर शिकवायचं काम एकदा गळ्यात पडलं आणि त्याबरोबर हे नावही चिकटलं. आता तर मॅनेजरसुद्धा त्याला मास्तरच म्हणे.

कॉम्प्रेसरची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. तीन भिंती विटांच्या, चौथ्या बाजूला दार, वर पत्रा. आत निळ्या रंगाची आडवी टाकी. टाकीच्या पाठीवर मोटर आणि पंप, दोघांना जोडणारा पट्टा, आणि पट्ट्यावर चार नटांनी बसवलेली लोखंडी जाळी. ही जाळीची बाजू नेमकी भिंतीकडे आली होती. तिथे जायचं तर टाकीला वळसा घालून, अंग चोरून, उकिडवं बसावं लागे, आणि बसलेला माणूस दारातून दिसत नसे. मेन स्विचचा दांडा मात्र बाहेर, दाराशेजारच्या भिंतीवर. पॉलिशच्या स्प्रेगन, खिळे मारायच्या बंदुका, भुसा उडवायच्या नळ्या, सगळ्यांना हवा इथूनच जाई. इथली हवा गेली की चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसत.

त्या सोमवारी पुढ्यात दोघंच होती. एक वयस्कर सुतार, आणि एक पॉलिशवाली, पंचविशीची, जिला कुठलीही गोष्ट खुंटा हलवून बळकट केल्याशिवाय पटत नसे.

"हा दिसतो गरीब," टाकीवर थाप मारून मास्तर म्हणाला, "पण आहे लबाड. गप्प आहे म्हणून बंद आहे असं समजायचं नाही. टाकीतला दाब उतरला की हा आपल्या आपण सुरू होतो. कुणाला विचारत नाही."

"म्हणजे झोपेचं सोंग," पॉलिशवाली म्हणाली.

"अगदी बरोबर. म्हणून त्याच्याशी पाच कामं ठरलेली. रोज करायची, याच क्रमानं करायची."

आणि त्यानं एकेक दाखवलं. टाकीच्या पोटाखालची तोटी उघडून साचलेलं पाणी काढायचं, नाहीतर टाकी आतून गंजते आणि एक दिवस फुटते. तेल काचेतल्या लाल ठिपक्याला टेकलेलं हवं. फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून बसवायचा. सेफ्टी वॉल्व्हची कडी ओढून तो मोकळा आहे ना ते बघायचं. "काही महाभाग तो गळतो म्हणून त्याच्यात बूच मारतात," मास्तर म्हणाला. "तसं करायचं असेल तर आधी घरच्यांचा निरोप घेऊन यायचं." सुतार हसला. पाचवं काम पट्ट्याचं. अंगठ्यानं दाबला की अर्धं बोट आत गेला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही.

"पण पट्ट्याला हात लावायच्या आधी दांडा खाली. दांड्याच्या भोकात आपलं स्वतःचं कुलूप. किल्ली आपल्या खिशात. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. प्रत्यक्ष मालक आला तरी नाही."

"आणि कुणी कुलूप तसंच विसरून घरी गेला तर?"

"तर दारात उभं राहून त्याच्या नावानं तीन हाका मारायच्या. ओ आली नाही तर टाकीला वळसा घालून बघायचं. मगच कापायचं."

"नाव घेऊनच?"

"नाव घेऊनच. 'कोण आहे' म्हटलं की कुणीच उत्तर देत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला विचारलं."

हा नियम भाऊजींनी घातलेला होता. मास्तरच्या थोरल्या बहिणीचे यजमान, या कारखान्यातले आधीचे फिटर. त्यांचं नाव आलं की शिकवणीचा शेवटचा भाग सुरू होई. मास्तर आवाज उतरवी.

"माझे सख्खे भाऊजी. मला पाना कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. बावीस वर्षं त्यांनी याच खोलीत काढली. आणि एक दिवस ते कुलूप लावायला विसरले. एकच दिवस. मी आलो, दांडा खाली दिसला, कुलूप नव्हतं, मला वाटलं कुणीतरी चुकून पाडलाय. मी वर केला." इथे तो थांबे. "ते आत होते."

नवी माणसं खाली बघत. हे दर वेळी होई. पलीकडे, प्लायवूडच्या आडोशामागे पॅकिंगचं टेबल होतं आणि तिथून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज सारखा येत असे. मास्तर या वाक्यांशी आला की तो आवाज बंद पडे. वाक्यं संपली की पुन्हा सुरू होई. पॅकिंगला ताई होती.

भाऊजी गेल्यावर मालकांनी तिला कामावर घेतलं होतं. बहीण-भाऊ रोज संध्याकाळी बरोबरच घरी जात. रस्ता वीस मिनिटांचा. ताई फारसं बोलत नसे, आणि बोललीच तर एका गोष्टीवर येऊन थांबे.

"छोट्या," ती म्हणे. मास्तर बेचाळीस वर्षांचा होता, पण ताईसाठी छोट्याच. "घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे. कोपऱ्यापर्यंत गेलो की परत फिरायचे, चौथ्यांदा बघायला. मी चिडायचे. तो माणूस विसरला कसा रे?"

"पट्टीचा पोहणाराच बुडतो, ताई."

"सगळे हेच म्हणतात," ती म्हणे.

ती विसरली नव्हती. तिला पटतही नव्हतं. आणि पटत नाही म्हणून ती भाऊजींवरच रागावली होती. अकरा महिने ती त्या मेलेल्या माणसावर रागावून जगत होती. एवढा कसा वेंधळेपणा केला, माझा विचारही आला नाही का, असं ती एकदा भांडी घासताना त्यांच्याशी बोलताना मास्तरनं ऐकलं होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

कारण कुलूप होतं.

ते पितळी कुलूप, त्यावर भाऊजींनी ओळखीसाठी लावलेला पांढऱ्या रंगाचा ठिपका, सगळं जागच्या जागी होतं. त्या दिवशी सकाळी अकराला बाकांची गाडी भरायची होती. हवा गेली. मॅनेजर डोक्यावर येऊन बसला, "कापा ते कुलूप, तुमचे भाऊजी बसले असतील चहाला." मॅनेजर ओरडून निघून गेला, पुढे काय झालं ते त्यानं पाहिलं नाही आणि नंतर विचारलंही नाही. भाऊजी मागे दोनदा कुलूप तसंच ठेवून चहाला गेले होते, हे खरं. शेजारी रंध्याचं मशीन कानठळ्या बसवत होतं, हेही खरं. पण मास्तरनं दारातून नुसतं डोकावलं, कटर आणला, कुलूप तोडलं आणि दांडा वर केला. हाक एकही मारली नाही. दोन पावलं आत गेला असता तर पाठ दिसली असती.

तुटलेलं कुलूप त्यानं गर्दी जमायच्या आत भुशाच्या पोत्यात टाकलं. पोतं संध्याकाळी भट्टीत गेलं. भाऊजी तिसऱ्या दिवशी गेले, एक शब्द न बोलता. आणि "कुलूप नव्हतं" हे वाक्य मास्तर पहिल्यांदा म्हणाला ते घाबरून. दुसऱ्यांदा म्हणाला ते पहिल्यांदा म्हणाला होता म्हणून. पुढे ते शिकवणीत गेलं. आता ते त्याच्यापेक्षा नव्या माणसांना जास्त पाठ होतं.

मंगळवारी दहाच्या सुमाराला पॉलिशखान्यातून ओरडा आला, हवा नाही. मास्तर मागे गेला. दांडा खाली होता आणि भोकात कुलूप होतं.

त्याला आधी राग आला. कारखान्यात पूर्वी पाच जणांची कुलपं होती. ती ऑफिसबाहेरच्या फळीवर खुंट्यांना टांगलेली असत. भाऊजींची खुंटी त्यानं स्वतः उपटून टाकली होती, आता चारच होत्या. कुणीतरी आपलं कुलूप लावून विसरलं असणार. तो फळीशी गेला. चारही कुलपं जागेवर होती. तेव्हा तो परत आला, वाकला आणि नीट बघू लागला. पितळी कुलूप. अंगावर पांढरा ठिपका. रंगाचा ओघळ डावीकडे जरा खाली उतरलेला.

कटर आणायला तो आपल्या कपाटापाशी गेला आणि कटर हातात घेऊन तिथेच उभा राहिला. किती वेळ ते त्याला नंतर सांगता आलं नाही. परत आला तेव्हा कुलूप नव्हतं. दांडा खालीच होता.

आत टाकीखाली फरशी ओली होती. त्यानं बोट लावून पाहिलं. तोटीतून येणारं पाणी तेलकट, तांबूस असतं. हे तसंच होतं, आणि ताजं होतं. त्या दिवशी त्यानं पाणी काढलं नव्हतं. तपासणीच्या कार्डावर मात्र सकाळीच सही ठोकून टाकली होती. त्यानं दांडा वर केला. मोटर सुरू झाली आणि पट्टा किंचाळला. अकरा महिने तो असाच किंचाळत होता. दोनदा नवा घातला, दहा वेळा ताणला, पण ते किंचाळणं काही जाईना.

बुधवारी पुन्हा तेच. कुलूप दहा मिनिटं होतं, मग नव्हतं. काचेतलं तेल लाल ठिपक्याला बरोबर टेकलं होतं, आदल्या दिवशी ते दोन रेघा खाली होतं. फिल्टर काढून धुतलेला, वाळलेला. तेलाच्या डब्याचं झाकण पालथं ठेवलेलं होतं, आत धूळ पडू नये म्हणून. हल्ली कुणी ठेवत नसे तसं.

भूत-बित तो मानणारा नव्हता. आजारी कॉम्प्रेसरचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून ओळखे आणि प्रत्येक दुखण्याला कारण असतं, यावर त्याचं पोट भरत होतं. त्यानं वायरिंग तपासलं, दाराची कडी तपासली, मागची खिडकी तपासली. खिडकीला गज होते आणि गजांना कोळिष्टकं.

घरी जाताना ताई म्हणाली, "आज गप्प का रे?"

"डोकं दुखतंय."

"यंत्राचं काही आहे का?"

"नाही गं. काम चालू आहे त्याचं," तो म्हणाला आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

गुरुवारी तो सकाळपासून खोलीच्या दारात स्टूल टाकून बसला. साडेदहाला कारखान्याच्या पुढच्या बाजूनं कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं मान वळवली, तेवढंच. परत पाहिलं तर दांडा खाली, कुलूप जागेवर. आतून आवाज आला. फस्स. सेफ्टी वॉल्व्हची कडी ओढल्याचा. मग पुन्हा, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा. भाऊजी तीनदा ओढत. खोली दारापासून टाकीपर्यंत रिकामी दिसत होती. टाकीच्या मागे जाऊन बघणं त्याला जमलं नाही.

पाणी, तेल, फिल्टर, वॉल्व्ह. राहिला पट्टा.

"हे तुमच्या भाऊजींचं ना?" मागून आवाज आला. वायरमन उभा होता, कारखान्यातला जुना माणूस, कानावर पेन्सिल खोचलेला. तो कुलपाकडे बघत होता. म्हणजे ते दुसऱ्यालाही दिसत होतं.

"दिसतंय तसं," मास्तर म्हणाला.

"सापडलं वाटतं."

"हो. अडगळीत."

वायरमननं पेन्सिल काढली, उगाच बघितली, परत खोचली. "एक सांगू का, मास्तर? त्या दिवशी त्यांना गाडीत घातल्यावर मी फळीपाशी गेलो होतो. त्यांची खुंटी रिकामी होती."

"मग?"

"मग काही नाही. लावलं नव्हतं म्हणता, तर खुंटीवर असायला हवं होतं. तेवढंच मनात राहिलं." तो दोन पावलं गेला आणि वळला. "मी कुणाला बोललो नाही. वहिनींनाही नाही. म्हटलं, तुम्ही सांगाल."

सांगायचं होतं, त्या गुरुवारी रात्रीच सांगायचं होतं. ताईनं ताट वाढलं, समोर बसली, आणि मास्तरच्या ओठांपर्यंत ते आलं. पण तिचा चेहरा पाहिला आणि त्याला वाटलं, भाऊजींवर रागावून का होईना, ही उभी आहे. आपण सांगितलं तर हिच्याकडे नवरा तर नाहीच, भाऊही उरणार नाही. हे गप्प राहणं तिच्यासाठीच, असं त्यानं स्वतःला पटवलं. मनाच्या तळाशी त्याला पक्कं ठाऊक होतं की ते स्वतःसाठीच आहे. भित्रेपणा तो, दुसरं काय.

शुक्रवारी गाडी अकराला लागायची होती. साडेदहाला हवा गेली.

मास्तर जागचा हललाच नाही. पॉलिशखान्यातून ओरडा आला, मग सुतारांकडून, मग मॅनेजर स्वतः तरातरा आला. अर्धा कारखाना त्याच्या मागे. काम थांबलं की माणसाला मजा बघायला वेळ मिळतो.

"काय हे रोजचं नाटक? कुणाचं कुलूप आहे?"

दोघा-तिघांनी आपापल्या किल्ल्या चाचपल्या.

"कापा ते! गाडी उभी आहे बाहेर."

शब्द तेच होते. मास्तरनं कटर उचलला. पितळेवर पाती टेकवली तेव्हा कुलूप दांड्यावर टकटक वाजू लागलं.

"मास्तर, आधी हाका मारायच्या ना?"

पॉलिशवाली. हातात रंगाचं फडकं, चेहऱ्यावर अगदी साधा प्रश्न.

"आत कुणी नाहीये, बाई," मॅनेजर म्हणाला. "इथूनच दिसतंय."

"पण सोमवारी यांनीच सांगितलं. तीन हाका. मग वळसा."

वायरमन काही न बोलता गेला आणि त्यानं रंध्याचं मशीन बंद केलं. कारखान्यात एकदम शांतता झाली. प्लायवूडमागची चिकटपट्टीही थांबली होती. ताई गर्दीच्या कडेनं पुढे आली आणि कुलपाकडे बघत उभी राहिली. तो ठिपका तिच्याच घरातल्या रंगाचा होता. उरलेल्या रंगानं तिनं खिडकी रंगवली होती.

मास्तर दारात उभा राहिला. "कोण आहे आत?" तो म्हणाला.

"नाव घेऊन," पॉलिशवाली हळूच म्हणाली.

त्यानं दाराची चौकट धरली.

"भाऊजी!"

पत्रा उन्हानं तापून तडतडला. बाकी काही नाही.

"भाऊजी!"

मागे कुणीतरी चुळबुळलं. मॅनेजर घड्याळ बघत होता. मास्तरला वाटलं, तिसरी मारूच नये. जे अकरा महिन्यांपूर्वी करायचं होतं ते आज करून कुणाचं काय भलं होणार? पण ताई त्याच्याकडे बघत होती.

"भाऊजी!"

टाकीच्या मागून, भिंतीच्या बाजूनं, उकिडव्या माणसाच्या उंचीवरून आवाज आला. जरा दमलेला, नेहमीचा.

"झालंच रे. थांब जरा, हात आत आहे."

कटर फरशीवर पडला.

"आता काय झालं?" मॅनेजर म्हणाला. "मारल्या ना तीन? कापा."

त्याला ऐकू आलं नव्हतं. पॉलिशवालीला आलं की नाही ते कळलं नाही. ती भिंतीला टेकली होती आणि फडकं दोन्ही हातांनी धरून होती. वायरमननं वाकून कटर उचलला आणि मॅनेजरच्या डोळ्यांसमोरून तो आपल्या खोलीत घेऊन गेला.

ताईला आलं होतं.

"कुलूप होतं," ती म्हणाली.

"होतं."

"कुणी कापलं?"

"मी."

मॅनेजर सगळ्यांना हाकलायला लागला, चला, चला, कामं नाहीत का, असं म्हणत आणि मास्तरकडे न बघता. माणसं पांगली. दारात दोघंच राहिली.

"हाका मारल्या होत्यास?" ताईनं विचारलं.

खोटं अजूनही सांगता आलं असतं. तीनच्या तीन मारल्या, रंध्याच्या आवाजात ऐकू गेल्या नसतील, म्हणून सुटता आलं असतं.

"नाही, ताई. एकही नाही."

ती रडली नाही. तिनं त्याला शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"एक मारली असतीस तरी पुरली असती," ती म्हणाली. "ते झोपेतही ओ द्यायचे रे."

मग तिनं पॅकिंगचं एक रिकामं खोकं ओढत आणलं, पालथं घातलं आणि स्विचच्या खाली, दांड्याला पाठ लावून बसली. मॅनेजर दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्यानं "वहिनी, गाडी" एवढंच म्हटलं, तिच्याकडे पाहिलं आणि गेला. गाडी रिकामी परत पाठवली. दुपारीच सगळ्यांना सुट्टी दिली.

मास्तर समोरच्या भिंतीशी उभा होता. बसावं असं त्याला वाटलं नाही, जावं असंही नाही. आतून मधूनमधून पान्याचा आवाज येई. लोखंडाला लोखंड घासल्याचा. मग तो थांबे, मग पुन्हा येई. घाईचं काम नव्हतं ते. ताई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. अकरा महिन्यांत तिच्या कपाळावर पडलेली आठी कुठे गेली होती कुणास ठाऊक. ती आता रागावलेली नव्हती. निदान भाऊजींवर तरी नाही.

"ताई, पाच वाजले. चल घरी," तो शेवटी म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज केविलवाणा वाटला.

"तू हो पुढे," तिनं मान न वळवता सांगितलं. "यांचं झालं की आम्ही दोघं येतो."

तो निघाला. अंगणात अजून लख्ख ऊन होतं. फाटकापर्यंत पोचायच्या आत मागून नट आवळल्याचा आवाज आला. एक. दुसरा. तिसरा. चौथा जरा जास्त वेळ. मग कुलूप उघडल्याचा, आणि दांडा वर गेल्याचा. मोटर सुरू झाली. पट्टा किंचाळला नाही. नव्या यंत्रासारखा तो एकसुरात, मऊ फिरत राहिला.

सुटलो, असं मास्तरच्या मनात आलं, आणि लगेच त्या शब्दाची त्याला इतकी लाज वाटली की कान तापले.

रस्त्याला लागल्यावर काही वेळानं मागे ताईच्या चपला वाजू लागल्या. ती बोलत होती. शब्द कळत नव्हते. दोन-चार शब्द बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. एकदा ती हसली. तिचं हसणं तो विसरून गेला होता. त्यानं पावलं उचलली. मागच्या चपलाही भरभर वाजू लागल्या. त्यानं हळू केलं तरी अंतर तेवढंच राहिलं. वळून बघायची त्याला हिंमत झाली नाही.

कोपऱ्यावर बोलणं थांबलं.

"छोट्या," ताई मागून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जरा थांब रे. हे म्हणतायत, तुझ्याशी बोलायचंय."